खेळायला मिळेल तिथे जा

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. भारताच्या फुटबॉल संघात जवळपास सगळे आपल्याच लीगमधले, म्हणजे संघ कच्चा. म्हणून आपण आधी युरोप गाठायचं, असं तू लिहिलंस. ट्रायल लावून देतो म्हणणारा माणूस पाच लाख मागतोय आणि तुझे बाबा धुऱ्याकडचं वावर गहाण टाकायला निघाले आहेत. मला टोचलं ते हे दुसरं. पण ते निघालंय पहिल्यातून, म्हणून आधी त्याबद्दल बोलतो.

22 नोव्हेंबर 2022 ला कतारमधल्या विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं. सौदीच्या 26 जणांत परदेशी क्लबात खेळणारा एकही नव्हता. तो सामना पुन्हा बघ. सौदीचे गोल सगळ्यांनी पाहिलेत, तू पहिला हाफ बघ. बचावाची फळी पार वर सरकलेली आणि पास सुटायच्या क्षणी चौघे एकदम पुढे पाऊल टाकतात, म्हणजे समोरचा स्ट्रायकर त्यांच्या मागे राहतो आणि ऑफसाइड ठरतो. अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमध्ये गेले. चौघांतला एकजण अर्धं पाऊल मागे राहिला असता तर डाव फसला असता. त्यातले तिघे अल हिलाल या एकाच क्लबचे. शिबिराच्या चार दिवसांत असं जमत नाही, वर्षभर सोबत खेळावं लागतं.

पुढचे दोन्ही सामने सौदी हरले, हेही तुला सांगितलं पाहिजे. त्याच स्पर्धेत कतारही पूर्ण घरच्या लीगचा संघ घेऊन उतरला होता आणि तिन्ही सामने हरला. उलट 2006 चा विश्वचषक इटलीने जिंकला तेव्हा त्यांचे सगळेच्या सगळे 23 खेळाडू इटलीच्याच लीगमधले होते. तेव्हा खेळाडू घरच्या लीगचा आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्या लीगमध्ये त्याला किती आणि कशाशी झुंजावं लागतं, ते बघायचं. इटलीत एका क्लबला मोसमात 38 साखळी सामने. आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2023-24 ला 22.

आणि तू स्ट्रायकर आहेस, म्हणून हे नीट वाच. त्या मोसमात आयएसएलच्या क्लबला मैदानावर चार परदेशी खेळाडू उतरवता येत होते. क्लब पैसा ओततो तो गोल करणाऱ्यावर, त्यामुळे पुढची जागा बहुतेक परदेशी खेळाडूकडे जाते आणि आपला पोरगा बाजूला सरकतो किंवा बाकावर बसतो. जानेवारी 2024 मध्ये आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया, तिघांकडूनही हरला. एकही गोल झाला नाही. तेव्हाही पुढे भिस्त 39 वर्षांच्या सुनील छेत्रीवरच होती. देशात गोल करणारे जन्मतच नाहीत असं मी मानत नाही. त्यांना त्या जागी खेळायलाच मिळत नाही.

2025 मध्ये तर लीग चालवण्याचा करार अडकला आणि लीगच थांबली. ऑक्टोबरमध्ये मडगावला आपण सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि 2027 च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. पराभवाचं ते एकच कारण नाही. पण सगळा संघ एकाच विहिरीवर पाणी भरत असेल तर विहीर आटली की काय होतं, ते दिसलं. मला याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आफ्रिकेत 2009 मध्ये एक स्पर्धा सुरू झाली, ‘चॅन’. ज्या देशाचा संघ, त्याच देशाच्या लीगमध्ये खेळणारे खेळाडू, हा तिथला नियम. मोरोक्कोने ती तीनदा जिंकली. 2023 च्या सुरुवातीला झालेली स्पर्धा सेनेगलने जिंकली, त्या संघातला लमिन कमारा लगेच फ्रान्समध्ये मेट्झकडे गेला. आधी घरी खेळला, देशाकडून खेळला आणि मग बोलावणं आलं. त्याने जाण्यासाठी वावर गहाण टाकलं नव्हतं.

आता त्या माणसाबद्दल. तू सतरा वर्षांचा आहेस. फिफाच्या नियमाने 18 वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत आणि तुला त्यातला एकही लागू होत नाही. म्हणजे तो जे विकतोय ते त्याच्या हातात नाहीच. बाबांना हे आजच सांग, सोयाबीनचे पैसे हातात यायच्या आधी.

तू नागपूरच्या लीगमध्ये जा. कामठी-नागपूरच्या मैदानांवर फुटबॉल जुना आहे, बघणारेही जाणते आहेत. मोठ्या नावाच्या क्लबात अठरावा होण्यापेक्षा लहान क्लबात पहिल्या अकरात ये. क्लबवाल्यांना विचार, वर्षाला सामने किती आणि मला पुढे खेळवणार का? जर्सी कोणती, बूट कोण देणार, हे नंतर.

आपलं मैदान काळ्या मातीचं. मार्चपासून भेगा पडतात, चेंडू भेगेच्या काठावर आपटून भलतीकडेच उडतो. म्हणून तू तो टप्पा पडायच्या आत मांडीवर घ्यायला शिकलास, ते फार कमी पोरांना जमतं. पण गवतावर चेंडू सरपटत आणि वेगाने येईल, पाठीवर बचावपटू रेटत असेल आणि तुला मांडीवर घ्यायला वेळच मिळणार नाही. तिथे एका स्पर्शात चेंडू बाजूच्याला देऊन वळायचं. याचा सराव आत्तापासून कर, शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर, भिंतीशी.

नोंदणी क्लबच करतो, भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत. जन्मदाखला, आधार आणि फोटो काढून ठेव. दाखल्यावर आणि आधारवर तुझ्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते आधी दुरुस्त करून घे. रविवारी सहाला मैदानावर ये. बाबांनाही घेऊन ये, त्यांच्याशी मी बोलतो.

तुझा,
सर