आधी काय घडले ते कळले आणि हिरमोड झाला

गाजलेल्या चित्रपटमालिकेची पूर्वकथा सांगणारा एखादा चित्रपट पाहून आपली निराशा झाली असेल तर सविस्तर लिहा, असे आवाहन गेल्या अंकात या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांतला राग अपेक्षेपेक्षा मोठा होता आणि तो बहुतेक दोन-तीन मालिकांवरच निघाला होता. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ‘स्टार वॉर्स’चे मूळ तीन चित्रपट मी महाविद्यालयात असताना व्हिडिओ कॅसेटवर पाहिले आणि डार्थ व्हेडर हा खलनायक मनात घर करून बसला. तो मुळात असा का झाला, हे सांगणारा चित्रपट येणार म्हणून ‘द फँटम मेनेस’ मोठ्या आशेने पाहिला आणि फार हिरमुसलो. थोरले बंधू म्हणतात, “ज्या गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक आहे, तिच्यात तुला गोडी वाटणार तरी कशी?” हे कारण मला पटत नाही, पण खरे कारण कोणते, तेही नेमके सांगता येत नाही. (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : आपल्याला ते पटत नाही, हेच योग्य आहे. शेवट ठाऊक असल्यामुळे गोडी जात असती, तर रामनवमीच्या कीर्तनाला कोणी बसले नसते. श्रीकृष्ण कर्णाला त्याचे कुळ सांगून पांडवांकडे बोलावतो, तेव्हा कर्ण जाणार नाही हे पुरते ठाऊक असूनही ऐकणारा क्षणभर आशा धरतोच; कारण त्या क्षणी कर्णापुढे दोन वाटा खरोखरच मोकळ्या असतात. पूर्वकथेची सगळी ताकद अशा क्षणात असते. पुढे काय होणार हे प्रेक्षक विचारत नाही; हे टळले असते का, एवढेच तो विचारतो.

आता 1999 सालचा ‘द फँटम मेनेस’ या नजरेने पाहा. पुढे व्हेडर होणारा अनाकिन यात नऊ वर्षांचा, निरागस आणि चुणचुणीत मुलगा आहे. त्याच्यासमोर वाईटाकडे वळण्याचा प्रसंगच येत नाही. तो निर्णायक प्रसंग येतो थेट पूर्वकथेच्या 2005 सालच्या तिसऱ्या भागात. मग मधली जागा भरली कशाने? व्यापारी मार्गांवरील करआकारणीच्या तंट्याने, नाकेबंदीने आणि सिनेटमधल्या अविश्वासाच्या ठरावाने. राजकारण पडद्यावर रंगत नाही असे मुळीच नाही, पण ज्या माणसासाठी आपण तिकीट काढले, त्याचा या राजकारणाशी संबंध जेमतेमच आहे.

त्याहून अधिक दुखावणारा प्रसंग रक्ततपासणीचा. 1977 सालच्या पहिल्या चित्रपटात ‘फोर्स’ म्हणजे सर्व सजीवांना वेढून असलेली, विश्वाला बांधून ठेवणारी शक्ती, एवढेच सांगितले होते आणि तेवढे पुरेसे होते. उरलेले ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे भरून घेतले. पूर्वकथेत मात्र गुरू मुलाच्या रक्ताचा थेंब काढून घेतात, शिष्य यानात बसून तो तपासतो आणि त्यातल्या ‘मिडिक्लोरियन’ नावाच्या सूक्ष्मजीवांची संख्या वीस हजारांहून जास्त, म्हणजे योडा या थोर गुरूहूनही अधिक असल्याचे कळवतो. साधनेने आणि संयमाने मिळते असे ज्याच्याविषयी वाटत होते, ते एका अहवालावरच्या आकड्यात येऊन बसले. कोणीही न विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते, आणि ते मिळाल्यामुळे आपल्याकडचे काहीतरी काढून घेतले गेले. आपल्या निराशेचे मूळ येथे आहे, असे मला वाटते.

यात आणखी एक भर घालावीशी वाटते. मूळ मालिकेचा दुसरा आणि तिसरा भाग अनुक्रमे अर्विन कर्शनर आणि रिचर्ड मारक्वांड यांनी दिग्दर्शित केला होता आणि त्या दोन्ही पटकथांना लॉरेन्स कॅसडन यांचा हात लागला होता. ‘द फँटम मेनेस’चे लेखन व दिग्दर्शन मात्र जॉर्ज लुकास यांनी एकट्याने केले, आणि दिग्दर्शनाच्या खुर्चीत ते 22 वर्षांनी बसत होते. “हा प्रसंग जरा कोरडा होतोय” असे समोर बसून म्हणणारा कोणी त्या खोलीत हवा होता. तरीही शेवटचे तिहेरी द्वंद्व आणि त्यामागचे जॉन विल्यम्स यांचे संगीत आजही अंगावर काटा आणते, हे मान्य करायला हवे.

प्रश्न : आमच्या शाखेत सकाळच्या पोह्यांबरोबर हाच वाद चालतो. माझे सहकारी म्हणतात की 1999 साली जगात सर्वाधिक कमाई ‘द फँटम मेनेस’नेच केली, मग निराशा झाली कोणाची? (एक बँक कर्मचारी, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : सहकाऱ्यांची माहिती खरी आहे. सुमारे 11.5 कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने पहिल्या प्रदर्शनातच जगभरात 92 कोटी डॉलरहून अधिक कमावले, आणि 2012 साली तो त्रिमितीत पुन्हा आला तेव्हा एकूण आकडा शंभर कोटींपलीकडे गेला. पण तिकीट चित्रपट पाहण्याआधी काढले जाते, हे ते विसरतात. आपल्या इंदुरातल्या ‘सानंद’ या संस्थेच्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको : वर्गणी आधीच भरलेली असल्याने सभागृह भरलेले दिसते, नाटक कसे आहे ते मध्यंतरात चहाच्या रांगेत कळते. नोव्हेंबर 1998 मध्ये अमेरिकेत कित्येक लोकांनी दुसऱ्याच चित्रपटाचे तिकीट काढले, त्याआधी दाखवली जाणारी ‘द फँटम मेनेस’ची झलक पाहिली आणि मूळ चित्रपट सुरू होताच ते उठून गेले. सोळा वर्षे साठलेली ही ओढ होती. कमाईचा आकडा त्या ओढीचा आहे. चित्रपट कसा वाटला, ते त्यातून कळत नाही. किंबहुना ओढ जेवढी मोठी, तेवढी निराश होणाऱ्यांची संख्याही अधिक, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. बरेच जण तर पहिल्यांदा पाहून “छान होता” असेच म्हणाले, घरी आल्यावर गप्प झाले आणि कुरकुर नंतर सुरू झाली.

प्रश्न : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मला अतिशय प्रिय आहे. न्यू जर्सीला मुलीकडे गेले असताना त्याची पूर्वकथा सांगणाऱ्या ‘द हॉबिट’चा पहिला भाग चित्रपटगृहात पाहिला. चित्र इतके लख्ख होते, की दूरदर्शनवरची मालिका पाहतो आहोत असे वाटत राहिले. दोष माझ्या वयाचा, चष्म्याचा की चित्रपटाचा? (एक निवृत्त शिक्षिका, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : बाई, आपल्या चष्म्याला निर्दोष सोडून द्यावे. चित्रपट सामान्यतः सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो आणि दाखवला जातो. 2012 सालचा हा चित्रपट 48 चौकटींनी चित्रित झाला आणि काही निवडक पडद्यांवर तसाच दाखवला गेला. चौकटी दुप्पट झाल्या की हालचालीतला नेहमीचा पुसटपणा कमी होतो. त्या पुसटपणाला आपली नजर इतकी सरावलेली आहे, की तो गेला की चित्र ‘खरे’ वाटण्याऐवजी स्टुडिओतले वाटू लागते. दाढी चिकटवलेली दिसते, दगड रंगवलेला दिसतो. अनेक प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी नेमकी आपलीच तक्रार केली होती.

पण नुसत्या चौकटींनी एवढी नाराजी झाली नसती. मूळ त्रयी हजाराहून अधिक पानांच्या कादंबरीवर बेतलेली होती आणि चित्रपटगृहात ती सुमारे सव्वानऊ तासांची होती. ‘द हॉबिट’ हे 1937 सालचे, मुलांसाठी लिहिलेले, सुमारे तीनशे पानांचे पुस्तक. त्यावरचे तीन चित्रपट मिळून जवळजवळ आठ तासांचे झाले. आधी दोनच भाग ठरले होते, तिसरा 2012 च्या जुलैमध्ये, म्हणजे पहिला भाग पडद्यावर यायला सुमारे साडेचार महिने उरले असताना, जाहीर झाला. वाढीव जागेत मूळ त्रयीतला, पण या पुस्तकात नसलेला लेगोलास आला, टॉरिएल नावाची अजिबात नवी योद्धी आली आणि तिच्या वाट्याला प्रेमाचा त्रिकोण आला, जो नसावा अशी अट ती भूमिका करणाऱ्या इव्हॅन्जेलिन लिली यांनी आधीच घातली होती! दोन्ही मालिकांचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्याविषयी मात्र सहानुभूती वाटते. आधी ठरलेले दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो 2010 साली बाहेर पडल्यावर हे काम त्यांच्याकडे आले, आणि तयारीला पुरेसा वेळ न मिळताच चित्रण सुरू करावे लागल्याचे त्यांनी पुढे पडद्यामागच्या चित्रफितीत मोकळेपणाने सांगितले. आपण बिल्बो आणि गोलम यांचा कोड्यांचा प्रसंग तेवढा पुन्हा पाहावा. तो पुस्तकाच्या मापाचा आहे, म्हणूनच जमला आहे.

प्रश्न : ‘हॅरी पॉटर’ची पूर्वकथा असलेल्या ‘फँटास्टिक बीस्ट्स’च्या दुसऱ्या भागात मॅक्गोनागल बाई शिकवताना दिसतात. ते वर्ष 1927 आहे. हे चूक आहे ना? ताई म्हणते, मी उगाच खुसपट काढतो. (इयत्ता दहावीतील वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : चूकच आहे, आणि तू ती बरोबर पकडलीस. हॅरी पॉटर मालिकेच्या पाचव्या पुस्तकात, म्हणजे 1995 मध्ये घडणाऱ्या कथेत, त्या बाई स्वतःच सांगतात की येत्या डिसेंबरात आपल्याला शिकवायला लागून 39 वर्षे होतील. वजाबाकी केलीस तर 1956 येते. ताईला एवढेच सांग, की हे खुसपट नव्हे. ज्या वाचकांनी पुस्तके पाठ केली, त्यांच्याच भरवशावर ही नवी मालिका काढली होती. त्यांना सर्वांत आधी खटकणारी गोष्ट निर्मात्यांनी तपासू नये, हे आश्चर्य. पाच भागांची घोषणा झालेली ही मालिका तिसऱ्यावरच थांबली; त्याला इतरही पुष्कळ कारणे होती.

प्रश्न : ‘द फँटम मेनेस’मधल्या जार जार बिंक्स या विनोदी पात्राविषयी मी चारचौघांत खूप कडक लिहिले आणि ते साकारणाऱ्या नटालाही त्यात ओढले. माझा आत्येभाऊ तेव्हापासून बोलत नाही. पैसे देऊन पाहिलेल्या चित्रपटावर टीकाही करू नये का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, विजयनगर, इंदूर)

उत्तर : टीका अवश्य करावी; हे पात्र मलाही आवडत नाही. परंतु ते लिहिणारा, त्याला मान्यता देणारा आणि संकलनात तसेच ठेवणारा माणूस वेगळा होता. अहमद बेस्ट या तरुण नटाने सांगितलेले काम केले आणि सगळा मारा त्याच्यावर झाला. त्या काळात आपण आत्महत्येच्या उंबरठ्यावर पोहोचलो होतो, असे त्याने 2018 साली जाहीरपणे सांगितले. अनाकिन झालेला जेक लॉइड चित्रणाच्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता. शाळेत आपला छळ झाल्याचे त्यानेही पुढे सांगितले आणि अभिनय सोडला. 2023 साली ‘द मँडलोरियन’ या ‘स्टार वॉर्स’च्याच विश्वातल्या मालिकेत बेस्ट एका जेडाय योद्ध्याच्या भूमिकेत परतला, तेव्हा चाहत्यांनी त्याचे मनापासून स्वागत केले. पात्र पटले नाही, विनोद बाष्कळ वाटला, असे हवे तितके लिहावे. नटाविषयीचा मजकूर तेवढा काढून टाकावा आणि आत्येभावाला तसे कळवावे.

प्रश्न : पूर्वकथा कधी जमतच नाही का? (एक वाचक, स्नेहनगर, इंदूर)

उत्तर : जमते. 1974 सालच्या ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात बापाचे तरुणपण आणि मुलाची अधोगती शेजारी शेजारी ठेवली, म्हणून दोन्हींना अर्थ आला. आपल्याकडे ‘बाहुबली’च्या 2017 सालच्या दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा पूर्वकथाच आहे. कटप्पाने बाहुबलीला मारले हे साऱ्या देशाला दोन वर्षे ठाऊक होते. तरी त्याच्या हातात तलवार आली, तेव्हा चित्रपटगृहात श्वास रोखले गेलेच.

प्रश्न : नातू आता नऊ वर्षांचा झाला. त्याला ‘स्टार वॉर्स’ दाखवायचे आहे. कथेच्या क्रमाने दाखवू, की प्रदर्शनाच्या? (एक आजोबा, नारायणबाग, इंदूर)

उत्तर : प्रदर्शनाच्या क्रमाने, म्हणजे 1977, 1980 आणि 1983 चे चित्रपट आधी. कथेच्या क्रमाने गेलात तर व्हेडर हा नायक ल्यूकचा बाप आहे, हे दुसऱ्या भागातले गुपित पहिल्याच आठवड्यात फुटेल आणि तो धक्का नातवाला पुन्हा मिळणार नाही. चाहत्यांमध्ये 2011 पासून आणखी एक क्रम रूढ आहे : मूळ दोन भाग, मग पूर्वकथेचे दुसरा व तिसरा हे भाग, आणि शेवटी मूळ तिसरा. त्यात गुपितही टिकते आणि ‘द फँटम मेनेस’ सरळ वगळला जातो. मी मात्र तो वगळणार नाही. आपल्याला आवडला नसला तरी तसे आधी बोलून दाखवू नये. अनाकिन त्याच्याच वयाचा आहे आणि वाळवंटातली शर्यत तो पुन्हा लावायला सांगेल, अशी शक्यता बरीच आहे.