वाचकांचे प्रश्न : जुन्या भयपटांत कोणाला जागा होती?

प्रश्न : १९३०च्या दशकातील हॉलिवूडच्या भयपटांत आफ्रिका, इजिप्त, चीन, हैती यांचा उल्लेख वारंवार येतो, मात्र प्रमुख भूमिकांत गोरे कलावंतच दिसतात. इतर वंशांचे कलावंत त्या काळी नव्हते काय?

उत्तर : कलावंत होते आणि कामही करत होते; त्यांच्या वाट्याला काय येत असे, हा खरा प्रश्न आहे. नोबल जॉन्सन या एकाच नटाची कारकीर्द त्यासाठी पुरेशी बोलकी आहे. १९१६ मध्ये भाऊ जॉर्ज यांच्यासह लिंकन मोशन पिक्चर कंपनी ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची चित्रपटसंस्था उभारणारे जॉन्सन १९३२च्या ‘द ममी’मध्ये संमोहित न्युबियन (इजिप्तच्या दक्षिणेकडील न्युबिया प्रदेशातील) नोकर झाले आणि १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये बेटावरील टोळीचे प्रमुख. ‘द मोस्ट डेंजरस गेम’मध्ये (१९३२) तर रंग फासून त्यांना गोरा कोसॅक (रशियन-युक्रेनी भागातील लढवय्या समाजातला माणूस) बनवण्यात आले. असा उलटा प्रकार त्या काळी विरळाच. परंतु गोरे होऊनही त्यांना मिळाला तो मुका नोकरच.

गोऱ्या नटांना मात्र रंगभूषेची वाट राजरोस मोकळी होती. ‘द मास्क ऑफ फू मांचू’मध्ये (१९३२) चिनी खलनायक बोरिस कार्लॉफ यांनी आणि त्याची मुलगी मर्ना लॉय यांनी साकारली, तीही अ‍ॅना मे वाँग यांच्यासारखी चिनी वंशाची नामवंत अभिनेत्री हॉलिवूडमध्ये असताना. (कार्लॉफ यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट, त्यांच्या पूर्वजांत भारतीयही होते, हे पडद्यावरच्या त्या रशियन वळणाच्या नावावरून कोणाला कळावे?) शिवाय चित्रपटांत काय दाखवावे आणि काय नाही हे ठरवणाऱ्या हॉलिवूडच्या १९३०च्या निर्मितीसंहितेने, जिचा अंमल १९३४ पासून कडक झाला, गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातील प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई केली होती.

‘व्हाइट झोंबी’ (१९३२) हैतीत घडतो, आणि तोही तो देश अमेरिकेच्या लष्करी ताब्यात (१९१५–१९३४) असतानाच्या काळातला. त्यातील साखर कारखान्यात झोंबी, म्हणजे जादूने गुलाम केलेली जिवंत प्रेते, मुकाट्याने राबतात, एक जण यंत्रात कोसळतो तरी काम थांबत नाही. माझ्या मते चित्रपटातील सर्वांत भीषण प्रसंग हाच. तरीही कथेची सारी चिंता एका गोऱ्या नववधूपुरतीच आहे.

१९४०चा ‘सन ऑफ इन्गागी’ वेगळा ठरतो. स्पेन्सर विल्यम्स यांनी लिहिलेल्या या चित्रपटातील कलावंत कृष्णवर्णीय आहेत आणि लॉरा बोमन त्यात चक्क एका स्त्री-शास्त्रज्ञाच्या भूमिकेत आहेत. राक्षस मात्र इथेही आफ्रिकेतूनच आणलेला आहे.

प्रश्न : अपंग व्यक्तींनी स्वतः काम केलेला एखादा जुना भयपट आहे काय?

उत्तर : टॉड ब्राउनिंग यांचा ‘फ्रीक्स’ (१९३२). जत्रा-सर्कशींत खरोखर काम करणारे कलावंत यात आहेत. हातपाय नसलेले प्रिन्स रँडियन तोंडानेच काडी पेटवून सिगारेट शिलगावतात, आणि कॅमेरा ते दृश्य कसलाही गाजावाजा न करता टिपतो. शेवटच्या पावसातल्या प्रसंगात मात्र हीच माणसे चिखलातून सरपटत येणारे भय होतात, आणि आधी जपलेली आत्मीयता दिग्दर्शक स्वतःच उधळून लावतो. एमजीएम या निर्मितीसंस्थेने सुमारे ९० मिनिटांचा हा चित्रपट कापून ६४ मिनिटांवर आणला. ब्रिटनमध्ये त्यावरील बंदी १९६३ पर्यंत टिकली.