वाचकांचे प्रश्न : जुना अँटिव्हायरस जाता जात नाही

प्रश्न : माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर एक अँटिव्हायरस होता. मुदत संपत आली म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेऊन टाकला. म्हटलं, जुन्याचे पैसे भरलेत, उरलेले दिवस दोन्ही राहू देत. तेव्हापासून लॅपटॉप सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात, हिशेबाची एक्सेल फाइल उघडली की पडदा पांढरा होऊन बसतो, आणि नवा अँटिव्हायरस रोज सकाळी ‘धोका सापडला’ म्हणून ओरडतो. शेवटी जुना अनइन्स्टॉल केला. तरी विंडोज सिक्युरिटीत त्याचं नाव आहेच. ओळखीचे एक जण म्हणतात, फॉरमॅट मारा. मारू का?

उत्तर : नका मारू. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्या ‘धोक्या’चा पत्ता नीट वाचा. फाइल जुन्या अँटिव्हायरसच्या क्वारंटाइन फोल्डरमधली आहे. म्हणजे जुन्याने कधीकाळी पकडून कोंडून ठेवलेला चोर नव्याला सापडलाय आणि तो रोज तीच बातमी देतोय. तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरल्याचं त्यावरून दिसत नाही.

पांढऱ्या पडद्याचं कारण जरा खोल आहे. प्रत्येक अँटिव्हायरस विंडोजच्या तळाशी आपला एक फिल्टर ड्रायव्हर बसवतो. कुठलीही फाइल उघडायला गेलात की हा ड्रायव्हर तिला अडवतो, तपासतो आणि मग सोडतो. तपासायला त्याला स्वतःला ती फाइल वाचावी लागते, आणि ते वाचणं दुसरा अडवतो. तुम्ही उघडता एकच हिशेबाची फाइल, पण एक्सेल सुरू होताना स्वतःच्या कितीतरी फाइली मागवतं. त्या सगळ्यांची अशी दुहेरी झडती. कधी कधी दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात, मग माउससुद्धा हलत नाही.

‘पण जुना तर काढला ना!’ काढला तो दिसणारा भाग. ड्रायव्हर आणि विंडोज सिक्युरिटीतली नोंद बरेचदा मागे राहते. खात्री करायची तर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ घ्या आणि काळ्या खिडकीत एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरं टाकून एंटर दाबा. एक यादी येईल. डावीकडे नावं, पुढे ‘अल्टिट्यूड’ नावाच्या रकान्यात आकडे. 3,20,000 च्या पुढचे, 3,30,000 च्या आतले आकडे अँटिव्हायरसवाल्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. डिफेंडरचा, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसचा, डब्ल्यूडी-फिल्टर 328010 वर असतो. याच पट्ट्यात जुन्या कंपनीचं नाव दिसलं, तर पाहुणा अजून घरातच आहे.

ती ड्रायव्हरची फाइल शोधून हाताने डिलीट करू नका. मी एकदा केली होती. मोठ्या फुशारकीने रीस्टार्ट केलं आणि संगणक उठलाच नाही. पुढचा अख्खा रविवार त्यात गेला.

सरळ रस्ता असा. नव्याची लायसन्स की कागदावर लिहून घ्या. मग जुन्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिचं सफाईचं टूल उतरवा. नॉर्टन, मॅकाफी, अव्हास्ट, इसेट, कॅस्परस्की हे सगळे असं टूल फुकट देतात. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवरून मात्र घेऊ नका, तिथे काय गळ्यात पडेल सांगता येत नाही. आता आधी नवा अनइन्स्टॉल करा. होय, नवासुद्धा. तो जुन्याच्या अवशेषांवर बसलाय, त्याचंही इन्स्टॉलेशन धड झालं असेलच असं नाही. रीस्टार्ट करा, जुन्याचं टूल चालवा, पुन्हा रीस्टार्ट करा आणि मग नवा परत टाका.

टूलने सेफ मोड (मोजक्याच गोष्टींनिशी विंडोज सुरू करायची पद्धत) मागितला तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी 4. त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी ठेवा. काही लॅपटॉप या वाटेवर ती मागतात आणि मग माणूस मध्यरात्री मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आठवत बसतो. ती बहुधा त्याच खात्यात जपलेली असते.

मधल्या वेळात तुम्ही उघड्यावर पडत नाही. दुसरा कोणी नाही असं दिसलं की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. खरं सांगायचं तर घरगुती वापराला तोच पुरतो असं माझं मत. पण तुम्ही नव्याचे पैसे मोजलेत, तेव्हा वर्षभर तो वापरा.

सगळं झालं की आयकार नावाची चाचणीची फाइल उतरवून पाहा. फक्त 68 अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, अँटिव्हायरस जागा आहे का ते पाहण्यासाठीच बनवलेली. एकच खिडकी ओरडली पाहिजे. दोन ओरडल्या तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : नवा अँटिव्हायरस टाकल्यावर डिफेंडर बंद दिसतो. हा व्हायरसचा उद्योग तर नसेल? आणि कधीतरी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायचं असेल तर?

उत्तर : नाही. नव्याची नोंद झाली की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. विंडोज सिक्युरिटीत त्याच्या पर्यायांमध्ये ‘पीरिऑडिक स्कॅनिंग’ चालू केलंत, तर तो अधूनमधून एक फेरी मारून जाईल. प्रत्येक फाइल अडवत बसणार नाही, म्हणून भांडण नाही. दुसरं मत हवं असेल तेव्हा मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर उतरवा, चालवा, डिलीट करा. ते जपून ठेवण्यात अर्थ नाही. उतरवल्यापासून 10 दिवसांनी ते चालत नाही, पुढच्या वेळी ताजं घ्यावं लागतं.