ट्रॅक लाइट: आधी भिंत ठरवा, मग पट्टी

प्रश्न : बैठकीची खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच आहे. मधोमध १२० सेंटिमीटरचा पंखा आहे. एका लांब भिंतीवर तीन चित्रे आहेत, सर्वांत रुंद ७५ सेंटिमीटर. ट्रॅक, म्हणजे दिवे अडकवायची छतावरची पट्टी, मध्यातून न्यावा की भिंतीकडून? दिवे किती आणि केवढे घ्यावेत?

उत्तर : भिंतीकडून. मधून ट्रॅक नेला की दिवे बसलेल्यांच्या डोळ्यांत येतात आणि पंखाही आडवा येतो. पात्यांच्या वर किंवा बरोबरीने असलेल्या दिव्याचा उजेड फिरती पाती कापत राहतात आणि सगळ्या खोलीत भिरभिरता लुकलुकाट सुरू होतो. दिवा बदलून किंवा वॅट वाढवून तो जात नाही. तुमच्या खोलीत पात्याचे टोक लांब भिंतीपासून १४० सेंटिमीटरवर येते. त्याच्या अलीकडे ट्रॅक घेऊन दिवे भिंतीकडे वळवले की प्रश्नच मिटतो. एखादा दिवा आतल्या बाजूला वळवायचाच असेल, तर त्याचा झोत पात्यांच्या खालून गेला पाहिजे.

आता नेमके अंतर. चित्रावर उजेड उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांनी पडावा. त्याहून उभा पडला तर चौकटीची सावली चित्रावर उतरते आणि भिंतीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. फार तिरपा पडला तर काचेत दिवा चमकतो, आणि चित्रासमोर उभे राहिलेल्याची सावलीही त्यावर येते. हिशेब असा: दिव्याच्या तोंडाची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, गुणिले ०.५८. छत २७५, दिव्याचे तोंड १५ सेंटिमीटर खाली म्हणजे २६०, चित्राचा मध्य १५०. फरक ११०, म्हणून ट्रॅक भिंतीपासून ६४ सेंटिमीटर. पुष्कळ जण छतापासून मोजतात, दिव्याची लोंबती उंची विसरतात आणि आठ-नऊ सेंटिमीटर चुकतात.

त्या जागेवरून चित्राच्या मध्यापर्यंतचे तिरपे अंतर सुमारे १२७ सेंटिमीटर होते. १५ अंश पसरणाऱ्या झोताचा दिवा तेथे ३३ सेंटिमीटर रुंद गोल टाकतो, २४ अंशांचा ५४ आणि ३६ अंशांचा ८२. तिरप्या झोतामुळे गोल खाली-वर ताणला जातो, रुंदी मात्र एवढीच. ७५ सेंटिमीटरच्या चित्राला ३६ अंश, लहान चित्रांना २४. वॅटच्या बाबतीत हात आखडताच घ्या. इतक्या जवळून ५ ते ७ वॅटचा एलईडी पुरतो. १५-२० वॅटचा लावलात तर चित्राचा वरचा भाग पांढराफटक पडेल, आणि जलरंग किंवा छापील कागद असेल तर तो लवकर विटेल. रंग खरे दिसावेत म्हणून सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी अंक) ९० किंवा जास्त घ्या. रंगतापमान २७०० किंवा ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेड, पण सगळ्या दिव्यांचे एकच.

चित्रांना तीन दिवे, उरलेल्या भिंतीला किंवा कपाटाला दोन, एवढे बस्स. ट्रॅकवरच सगळी खोली उजळण्याचा हट्ट धरू नका. तो सर्वसाधारण उजेड वेगळ्या दिव्यांवर आणि वेगळ्या स्विचवर ठेवा. भिंतीच्या दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर सोडलात तर ४ मीटर ट्रॅक लागेल: दोन-दोन मीटरच्या दोन पट्ट्या, एक सरळ जॉइंटर, एक लाइव्ह एंड (जिथून पट्टीत वीज येते ते टोक) आणि दुसऱ्या टोकाला एक एंड कॅप.

प्रश्न : दुकानात सिंगल सर्किट, थ्री सर्किट आणि मॅग्नेटिक असे तीन प्रकार दाखवले. घरासाठी कोणता?

उत्तर : बहुतेक घरांना सिंगल सर्किट पुरतो. त्यात सगळे दिवे एका स्विचवर चालतात. थ्री सर्किटमध्ये एकाच पट्टीवरच्या दिव्यांचे तीन गट स्वतंत्र चालू-बंद करता येतात. मात्र त्यासाठी स्विचबोर्डापासून फेजच्या तीन वेगळ्या तारा, शिवाय न्यूट्रल आणि अर्थ आणावी लागते. ही वायरिंग आधी झाली नसेल तर तिथेच विषय संपला.

मॅग्नेटिक ट्रॅक सहसा ४८ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज तेवढ्या व्होल्टवर उतरवणारा डबा, लागतो. सगळ्या दिव्यांचे वॅट मिळवा आणि ड्रायव्हर ८० टक्क्यांहून जास्त भरू नका. १०० वॅटच्या ड्रायव्हरवर ८० वॅटचेच दिवे. छतात बुडवायचा प्रकार हवा असेल तर फॉल्स सीलिंगच्या आधी ठरवा. आणि ड्रायव्हर हात पोहोचेल अशा जागी ठेवा: दिव्यांच्या आधी तोच जातो, आणि बंद सीलिंगमध्ये गाडलेला असेल तर बोर्ड फोडावा लागतो.

दिवे आणि ट्रॅक शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. दोन, तीन आणि चार तारांच्या ट्रॅकचे अ‍ॅडॅप्टर (दिवा पट्टीत अडकवणारे तोंड) एकमेकांत चालत नाहीत. दिसायला सारखा अ‍ॅडॅप्टर जोर करून बसवला तर तांब्याची पट्टी वाकते, कधी अर्थचा संपर्कच होत नाही.

प्रश्न : ट्रॅक छताला बसवताना काय क्रम ठेवावा? आमच्याकडे अर्धे छत स्लॅबचे, अर्धे जिप्समचे आहे.

उत्तर : छिद्रे पाडून पट्टी बसवणे जमणाऱ्याला जमते. वायर जोडणे मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आधी एमसीबी खाली करा. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही तपासा. मग भिंतीपासूनचे अंतर दोन्ही टोकांना मोजून खडूची दोरी मारा. भिंती क्वचितच सरळ असतात. ट्रॅक भिंतीला समांतर दिसला नाही तर तो रोज खुपतो, म्हणून छिद्रे पाडण्याआधी खाली उतरून रेषेकडे एकदा बघा.

पट्टी कापायची असेल तर बारीक दातांचे हॅकसॉ ब्लेड वापरा आणि काटकोनातच कापा. कडा कानशीने घासा. तांब्याच्या पट्ट्या टोकापासून किती आत हव्यात ते कंपनीच्या पत्रकात असते. तेवढ्याच आत घ्या. मग पट्टी उलटी करून झटका. खाचेत राहिलेला धातूचा एक कीस फेज आणि न्यूट्रल जोडायला पुरेसा असतो. नवा ट्रॅक चालू करताच एमसीबी पडला तर पहिला संशय याच किसावर घ्या.

स्क्रू टोकापासून १० सेंटिमीटरवर आणि पुढे दर ५०-६० सेंटिमीटरला. स्लॅबमध्ये ६ मिलिमीटर बिट, त्याच मापाचा रॉल प्लग आणि ३५ मिलिमीटर स्क्रू चालतो. स्लॅबमधून गेलेल्या पाइपची वाट ड्रिल लावण्याआधी शोधा. जिप्समच्या भागात नुसत्या बोर्डात स्क्रू घातला तर दिवे फिरवताना बसणाऱ्या हिसक्यांनी तो काही महिन्यांत ढिला होतो. लोहचुंबक फिरवून वरचा लोखंडी चॅनेल शोधा आणि त्यात स्क्रू घ्या. चॅनेल नसेल तिथे बटरफ्लाय अँकर.

लाइव्ह एंडला फेज, न्यूट्रल आणि अर्थ खुणेप्रमाणे जोडून घ्या, दुसऱ्या टोकाला एंड कॅप लावा. वीज द्यायच्या आधी, एकही दिवा न लावता, एमसीबी बंद असतानाच मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थमध्ये जोड नाही ना ते पाहा. मग दिवे लावा. लोडची चिंता नको: १६ अँपिअरचा ट्रॅक २३० व्होल्टला ३६८० वॅट पेलतो, आणि ७ वॅटचे दहा दिवे मिळून ७० वॅटच होतात.

प्रश्न : एल आकाराचा ट्रॅक लावला. कोपऱ्यापर्यंतचे दिवे लागतात, पुढचे एकही लागत नाहीत.

उत्तर : दोष जॉइंटरमध्ये आहे. पट्टीच्या एका अंगाला बाहेरून उंच रेघ किंवा खाच असते. ती सहसा अर्थची बाजू दाखवते. कोपऱ्यानंतरही ती त्याच अंगाला यायला हवी. एल जॉइंटर डावा आणि उजवा असे दोन प्रकारचे येतात. चुकीचा आला तर तो पुरता आत जात नाही. तो ठोकून बसवला की बाहेरून फट दिसत नाही, पण संपर्क होत नाही. एमसीबी पाडून जॉइंटर काढा, त्याच्या पितळी जिभा वाकल्या नाहीत ना ते बघा, आणि बाजू जुळत नसेल तर बदलून आणा. जीभ पक्कडीने सरळ करून भागवू नका: तिथे संपर्क ढिला राहतो, ठिणगी पडते आणि प्लास्टिक वितळते.

कोपऱ्यापुढे एकच दिवा बंद असता तर निदान वेगळे झाले असते: अ‍ॅडॅप्टरची कळ अर्धीच फिरलेली असते.

प्रश्न : स्विच बंद केल्यावरही ट्रॅकवरचे ७ वॅटचे तीन दिवे मंद पेटलेले राहतात. डिमरवर ठेवले की थरथरतात.

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी आहेत. बंद असताना उजेड दिसतो तेव्हा पहिल्यांदा स्विच न्यूट्रलमध्ये बसलाय का ते तपासून घ्या. तसे असेल तर दिवा बंद दिसला तरी ट्रॅकमध्ये फेज कायम असते, आणि ते धोक्याचे आहे. फेज स्विचमधूनच जायला हवी. ते बरोबर असेल तर स्विचमधला छोटा निर्देशक दिवा पाहा. त्यातून झिरपणारा किंचित प्रवाहही एलईडीला पुरतो. स्विच साधा लावा.

थरथर ही बहुधा डिमरची असते. जुन्या डिमरला किमान लोड लागतो, कित्येकदा ४० वॅट. तुमचे ७ वॅटचे तीन दिवे मिळून २१ वॅटच होतात. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर घ्या, आणि त्याआधी दिव्याच्या ड्रायव्हरवर डिमेबल लिहिले आहे का ते वाचा. नसेल तर कोणताही डिमर उपयोगाचा नाही.

प्रश्न : स्वयंपाकघरात ओट्यासाठी ट्रॅक चालेल का?

उत्तर : ट्रॅक ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर असेल तर चालेल. उभे राहणाऱ्याच्या पाठीमागे सरकला की स्वतःची सावली चिरण्याच्या फळीवर पडते. वर कपाटे असतील तर त्यांच्या खाली एलईडी पट्टीच लावा, ट्रॅक सोडून द्या. शेगडीच्या वर तर नकोच. तेलाची वाफ खाचेत बसते आणि संपर्क काळे पडतात. न्हाणीघरात साधा ट्रॅक लावू नये, तो सहसा आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नसलेला असतो.