क्रोशाचे जमलेले नमुने कसे लावून ठेवावेत, म्हणजे हवा तो नमुना वेळेवर सापडेल?

आपण विचारले आहे की, सासूबाईंची हस्तलिखित वही, जुन्या मासिकांतली कात्रणे, विकत घेतलेल्या पीडीएफ, मोबाइलमधले स्क्रीनशॉट आणि यूट्यूबवर राखून ठेवलेले व्हिडिओ असा क्रोशाच्या नमुन्यांचा मोठा साठा आपल्याकडे जमला आहे, पण ऐनवेळी त्यातले काहीच हाती लागत नाही. तेव्हा हे सगळे फायलींत लावावे की संगणकावर चढवावे? माझ्या मते फाइल की संगणक हा नंतरचा प्रश्न आहे. नमुने आपल्याकडे जिथून आणि ज्या क्रमाने येतात तसेच ते पडून राहतात. शोधताना मात्र ‘अमुक मासिकाच्या दिवाळी अंकातला’ अशा आठवणीने आपण शोधत नाही, तर ‘टीपॉयसाठी गोल रुमाल हवा आहे आणि घरात २० नंबरचा पांढरा दोरा शिल्लक आहे’ अशा गरजेने शोधतो. या दोहोंच्या मध्ये जो दुवा लागतो तो नोंदवहीचा, आणि तीच आपल्याकडे नसावी असे प्रश्नावरून वाटते.

माझी नोकरी ग्रंथालयात झाली, त्यामुळे मला हे काम दाखल नोंदवहीच्या पद्धतीने करणे सर्वांत सोपे वाटते. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला, मग ते कोणत्याही विषयाचे आणि आकाराचे असो, आल्या क्रमाने एक दाखल क्रमांक मिळतो आणि तो पुढे कधीही बदलत नाही. नमुन्यांनाही तसाच क्रमांक द्यावा. कागद असेल तर वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहावा, पीडीएफ असेल तर तिच्या नावाची सुरुवातच त्या क्रमांकाने करावी, आणि मासिक न कापता ठेवायचे असेल तर नोंदीत त्याचा अंक व पान लिहावे. असे केले की कागद आणि संगणक यांतून एकच निवडण्याची गरज उरत नाही; दोन्ही साठे एकाच वहीत येतात.

वहीत एका नमुन्यासाठी एक आडवी ओळ पुरते. उदाहरणार्थ: ‘०४७ – गोल रुमाल, अननसाची नक्षी – २० नंबरचा दोरा – १.२५ मिमी सुई – पूर्ण झाल्यावर व्यास ३२ सेंमी – ब्रिटिश संज्ञा – फाइल २ – एकदा विणला, बाविसाव्या ओळीत छापील चूक आहे.’ (‘ब्रिटिश संज्ञा’ म्हणजे काय ते पुढे सांगते.) यातला शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण बाकीची माहिती नमुन्यावर कुठे ना कुठे छापलेली असते. हा शेरा मात्र ज्याने विणले आहे त्यालाच लिहिता येतो. चूक कुठे आहे, कडा कशी वळते, दोरा किती लागला आणि पुन्हा विणावासा वाटतो का, एवढे तिथे लिहून ठेवावे. दोऱ्याचा अंदाज लिहिण्याची सोपी रीत म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी गुंडी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवावी आणि संपल्यावर उरलेला दोरा पुन्हा तोलावा.

क्रमांक हा पत्ता झाला; वर्गवारी वेगळी. ती ‘काय विणायचे आहे’ यावर करावी आणि मोजकीच ठेवावी: रुमाल व टेबलावरच्या वस्तू, तोरणे व पडदे, बाळाचे (टोपरे, मोजे, स्वेटर, दुपटे), अंगावर घालायचे, पिशव्या, खेळणी, आणि कडा व लेस. काही जणी दोऱ्यानुसार वर्ग करतात, सुती एकीकडे आणि लोकरीचे एकीकडे, पण ते मला पटत नाही. दोरा बदलता येतो. तोरणाचे टोपरे करता येत नाही. खरी अडचण येते ती एकाच नमुन्याला दोन घरे शोभतात तेव्हा. लेसच्या पट्टीचा नमुना तोरणाच्या खालच्या कडेलाही चालतो. अशा वेळी कागद एकाच ठिकाणी ठेवावा आणि वहीच्या मागच्या पानांवरच्या विषयसूचीत त्याचा क्रमांक दोन्ही वर्गांखाली लिहावा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे, आणि विषयसूची करताना जेवढा कंटाळा येतो तेवढाच वेळ ती पुढे वाचवते, असे मी नक्की म्हणू शकते.

नोंद करण्यापूर्वी निवड मात्र करून घ्यावी. जे कधीच विणणार नाही, ज्याची दोन-तीन प्रतींत पुनरावृत्ती आहे, किंवा ज्याचा नुसता फोटो आहे आणि कृती नाही, ते बाजूला काढावे. नुसत्या फोटोंचा एक वेगळा गठ्ठा ‘कल्पना’ म्हणून ठेवायला हरकत नाही. त्यांना क्रमांक देण्याच्या भानगडीत पडू नये.

आता थोडे संज्ञांविषयी, कारण लावून ठेवलेला नमुना चुकीचा वाचला गेला तर सगळी मेहनत फुकट जाते. इंग्रजी नमुने ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन परिभाषांत लिहिलेले असतात आणि दोन्हींत शब्द तेच पण टाके वेगळे, अशी पंचाईत आहे. ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, दोरा आधी सुईवर न गुंडाळता घातलेला बुटका टाका. अमेरिकी नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला साधा खांब (दोरा आधी सुईवर एकदा गुंडाळून घातलेला उंच टाका), ज्याला ब्रिटिश लोक ‘ट्रेबल’ म्हणतात. ओळखण्याची खूण अशी की, नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला तर तो अमेरिकी समजावा, कारण ब्रिटिश परिभाषेत त्या नावाचा टाकाच नाही. तो शब्द नसेल तर सुरुवातीच्या साखळ्यांवरून (एकातून एक ओढलेल्या साध्या फासांवरून) अंदाज बांधता येतो: तीन साखळ्या घालून त्यांना पहिला ‘डबल क्रोशे’ धरायला सांगितले असेल तर तिथे खांबाची उंची अभिप्रेत आहे, म्हणजे नमुना अमेरिकी असणार. हा उलगडा एकदा झाला की नमुन्याच्या माथ्यावर ‘ब्रि.’ किंवा ‘अमे.’ असे ठळक लिहून टाकावे. सुईचेही तसेच आहे. बारीक स्टीलच्या सुयांवर जे नंबर असतात त्यांत नंबर मोठा तितकी सुई बारीक, आणि हे नंबर सर्व देशांत सारखे नाहीत. म्हणून नोंदीत सुई नेहमी मिलिमीटरमध्ये लिहावी.

चिन्हांच्या आकृत्या असलेल्या नमुन्यांना हा जाच नसतो. लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचे चिन्ह म्हणजे मुका खांब, आणि इंग्रजी ‘टी’च्या दांड्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, त्यामुळे जपानी मासिकातली आकृती जपानीचे एक अक्षर न येताही विणता येते. निवडीच्या वेळी लेखी कृती आणि आकृती अशा दोन प्रती असतील तर मी आकृतीची प्रत ठेवीन.

चौकटीच्या जाळीचे नमुने, म्हणजे आलेखाच्या कागदावर भरलेली आणि रिकामी घरे दाखवून काढलेले मोर, हंस, स्वस्तिक, ‘सुस्वागतम्’ वगैरे, यांची फाइल स्वतंत्र ठेवावी असे मी सुचवीन. ते भरतकामातल्या फुलीच्या टाक्यालाही चालतात, त्यामुळे घरातले दुसरे कुणीही ते मागायला येते. प्रत्येक आलेखाच्या समासात आडवी घरे किती आणि त्यासाठी साखळ्या किती हे एकदाच गणित करून लिहावे. एका घराला तीन टाके धरून पहिली ओळ भरीव विणायची असेल, तर घरांची तिप्पट अधिक तीन इतक्या साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घ्यावा लागतो. सुटलेल्या तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी धरल्या जातात. म्हणजे ४० घरांसाठी १२३ साखळ्या आणि एकूण १२१ खांब. शेजारी आपल्या दोऱ्याने दहा घरे किती सेंटिमीटर भरतात तेही लिहिले, तर तो मोर दारावर मावेल की नाही हे सुई हातात घेण्यापूर्वीच कळते.

कागद ठेवण्यासाठी पारदर्शक कप्प्यांची ए-४ मापाची रिंग फाइल सोयीची, कारण मध्ये पाने घालता येतात. कप्पे चिकटवलेल्या फायलींत ती सोय नसते. कप्पे पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचे घ्यावेत. मऊ, जड आणि वास येणारे कप्पे बहुधा पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचे असतात आणि काही वर्षांनी झेरॉक्सची काळी शाई त्यांना चिकटून कागदावरून उठते. एका कप्प्यात एकच नमुना ठेवावा. यू-पिना, टाचण्या आणि सेलोटेप काढून टाकावेत. पिना गंजतात, आणि सेलोटेपचा चिकटपणा जातो पण पिवळा डाग कायमचा राहतो. मासिकांचा आणि वर्तमानपत्रांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निन या घटकामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो, त्यावर घरी करण्यासारखा इलाज नाही; तेव्हा अशा कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून तीच वापरात ठेवावी. लॅमिनेशन करू नये, कारण ते पुन्हा उलगडता येत नाही आणि त्यावर पेन्सिलीने लिहिताही येत नाही. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर फाइल बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात आणि जमिनीलगत ठेवू नये, आणि पावसाळा सरल्यावर एकदा सगळी पाने उलटून हवा द्यावी.

विणतानाही मूळ कागद पिशवीत घालू नये. झेरॉक्स न्यावी, तिच्यावर ओळी खोडत जावे, चहाचे डाग पडू द्यावेत.

विणलेले तुकडे आपल्या प्रश्नात आलेले नाहीत, पण सासूबाईंच्या वहीसोबत ते असतीलच असे गृहीत धरते. जुन्या बायका पुष्कळदा कृती लिहीतच नसत. चार-सहा ओळींचा तुकडा विणून ठेवत आणि त्यावरून टाके मोजत. असा तुकडा हाही नमुनाच आहे आणि त्यालाही दाखल क्रमांक द्यावा. तो पुठ्ठ्याच्या कार्डावर दोऱ्याने चार टाके घालून अडकवावा, पिन लावू नये, आणि कार्डाच्या मागे क्रमांक लिहावा. त्याआधी तो धुऊन त्यातली खळ पूर्णपणे काढावी आणि खडखडीत वाळवावा, कारण कसर आणि झुरळे पिष्टमय पदार्थांवरच येतात आणि खळ घातलेला रुमाल म्हणजे त्यांच्यासाठी वाढलेले ताट.

मोबाइलमधल्या साठ्याबाबत थोडक्यात सांगते. स्क्रीनशॉट गॅलरीत तसेच ठेवू नयेत. एका नमुन्याचे सगळे स्क्रीनशॉट एकत्र करून एक पीडीएफ करावी आणि तिला ‘०४७-गोल-रुमाल-अननस’ अशा धर्तीचे नाव द्यावे. क्रमांक शून्य लावून तीन आकडी लिहावा, नाहीतर अनेक ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो. कागदाचा फोटो दिवसाच्या उजेडात, अगदी वरून काढावा. तिरका आला की आलेखातली घरे वाकडी दिसतात आणि मोजताना डोळे दुखतात. गुगल ड्राइव्हवर मोफत मिळणाऱ्या १५ जीबीत अशा पीडीएफ सहज मावतात, फक्त ती जागा मेल आणि फोटो यांच्याशी वाटून घ्यावी लागते. आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी. यूट्यूबच्या यादीवर विसंबू नये. टाकणाऱ्याने व्हिडिओ काढून टाकला की यादीत त्याचे शीर्षकसुद्धा उरत नाही, म्हणून वाहिनीचे नाव, व्हिडिओचे शीर्षक आणि पहिल्या पाच-सहा ओळींची कृती आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. बाकीची नक्षी बहुतेक वेळा त्यावरून पुढे नेता येते. रॅव्हलरी हे २००७ मध्ये सुरू झालेले मोफत संकेतस्थळ नमुने शोधायला फार चांगले आहे, सुईच्या मापावरून आणि दोऱ्याच्या जाडीवरूनही तिथे शोधता येते. पण सासूबाईंच्या वहीतले पान तिथे सापडणार नाही, त्यामुळे आपल्या नोंदवहीची जागा ते घेऊ शकत नाही.

त्या वहीविषयी माझा आग्रह आहे की तिची पाने सुटी करून वर्गांत वाटू नयेत. अख्ख्या वहीला एक अक्षर द्यावे, समजा ‘स’, आणि आतल्या नमुन्यांना स-१, स-२ असे क्रमांक देऊन ते सूचीत घ्यावेत. तिच्यात ‘५ सा., २ घ. सो., १ खां., पुन्हा तसेच’ अशी संक्षिप्त भाषा असेल (५ साखळ्या, २ घ. सोडून १ खांब); त्यातले ‘घ.’ म्हणजे एक टाका की चौकटीचे आख्खे घर, आणि ‘पुन्हा तसेच’ नेमके कुठपासून, हे लिहिणारीलाच ठाऊक असते. सासूबाई किंवा त्यांच्यासोबत विणणाऱ्या कुणी नात्यातल्या असतील तर फायली आणि कप्पे आणण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून ही संक्षेपांची यादी करून घ्या आणि वहीच्या आतल्या बाजूला वेगळ्या कागदावर ठेवा. कुणीच नसेल, तर संशयाच्या जागी दोन्ही अर्थ धरून चार-चार ओळी विणून पाहाव्यात. चुकीच्या अर्थाने विणलेला तुकडा तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत आकसतो किंवा त्याला झालर पडते, आणि उत्तर मिळते.

राहता राहिले उसने देणे. हाताने लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स द्यावी, मूळ देऊ नये. विकत घेतलेली पीडीएफ मात्र व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. तिच्या लेखनावर आणि आकृत्यांवर रचनाकाराचा हक्क असतो, तेव्हा मागणाऱ्या मैत्रिणीला विकत घेण्याचा पत्ता कळवावा. विणलेला तुकडा कुणी बघायला नेला, तर नोंदीच्या ओळीत पेन्सिलीने तिचे नाव आणि तारीख लिहावी, आणि परत आला की खोडून टाकावी.