महायुद्धानंतर हवाईदलातल्या वैमानिकांनी काढलेल्या छोट्या चार्टर (भाड्याने विमान उडवणाऱ्या) कंपन्या टिकल्या का नाहीत?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही ‘मूठभर धाडसी वैमानिकांनी उभ्या केलेल्या कंपन्या’ असं लिहिलंय, म्हणून लिहायला बसलो. त्या वैमानिकांबरोबर एक फिटरही, म्हणजे विमानाची इंजिनं सांभाळणारा मिस्त्री, असायचा हो. माझे आजोबा, आईचे वडील, त्यातलेच. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णा 1946 साली हवाईदलातून सुटले. त्यांच्याच तळावरच्या दोन वैमानिकांनी युद्धातलं एक उरलेलं डाकोटा विमान डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराच्या जादा मालाच्या विक्रीतून, स्वस्तात उचललं आणि जुहूला कंपनी थाटली. नाव सांगत नाही. ऑफिस म्हणजे एक टेबल आणि शेजारच्याचा टेलिफोन. अण्णांना पगार आणि वर दोन आणे (म्हणजे आठवा हिस्सा) भागी, तीही तोंडी.

1948 च्या मे महिन्यात कलकत्त्याला हापूसच्या पेट्या न्यायच्या होत्या. विमान भरून तयार. आदल्या रात्री अण्णांनी डाव्या इंजिनाची तेलाची जाळी काढून रॉकेलमध्ये धुतली, तर फडक्यावर चमचमणारे कण. चुंबक फिरवलं, चिकटले. म्हणजे आत कुठलंतरी बेअरिंग झिजत होतं. विमान उडायला ठीक आहे अशी सही करायला अण्णांनी नकार दिला. कॅप्टन म्हणाला, ‘याहून वाईट इंजिनावर मी ब्रह्मदेशातून परत आलोय.’ अण्णा म्हणाले, ‘तेव्हा दुसरं इंजिन सरकार देत होतं, साहेब. आता कोण देणार?’

बदली इंजिन नव्हतंच. पेट्या उतरवून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या. अण्णा सांगायचे, दोन दिवस गोड वास होता, तिसऱ्या दिवशी गुत्त्यासारखा. व्यापाऱ्याने भाडं दिलं नाहीच, पुढचं कामही तोडलं. दिवाळीपर्यंत कंपनी आटोपली. अण्णांचा चार महिन्यांचा पगार बुडाला. दोन आण्यांचं तर नावच नको.

आता तुमचा प्रश्न. डाकोटा स्वस्त मिळालं, तिथेच सगळे फसले. घ्यायला स्वस्त, सांभाळायला नाही. दोन इंजिनं, प्रत्येकाला 14 सिलिंडर, आणि वैमानिकांच्या हिशेबाच्या वहीत फक्त पेट्रोल. हवाईदलात सुटे भाग मागितले की मिळायचे, ती सवय मोडली नाही. त्यात विमान कंपन्यांचे परवाने खिरापतीसारखे वाटले गेले. धंदा थोडा आणि कंपन्या फार, हे 1950 साली हवाई वाहतुकीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या समितीनेही सांगितलं. 1953 साली राष्ट्रीयीकरण झालं आणि आठ कंपन्या सरकारी इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या.

सगळेच बुडाले असं मात्र नाही. स्वतः वैमानिक असलेल्या बिजू पटनाईकांची कलिंगा एअरलाइन्स त्या आठांत होती. हाँगकाँगची कॅथे पॅसिफिकही 1946 साली दोन वैमानिकांनी जुन्या डाकोटावरच सुरू केली. आणि ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला फौज पोचवायला खासगी कंपन्यांची डाकोटा धावली, तेव्हा वैमानिकांच्या हिमतीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते मामाबद्दल. ‘अण्णांनी सही केली असती तर आज आपली एअरलाइन असती,’ हे तो प्रत्येक लग्नात ऐकवतो. तुमच्या ओळखीत कोणी अशी कंपनी काढत असेल तर त्याला सांगा, पहिली भागी फिटरला दे, आणि कागदावर दे. मामाला मी एकदा विचारलं, त्या विमानात तू स्वतः बसला असतास का? तर तो आंब्यांच्या पेट्या किती होत्या ते सांगत बसला.