वाचकांचे प्रश्न : हिरवा गोळा, पण कोणता?

प्रश्न : तळ्याच्या पाण्यात ४-५ मायक्रोमीटरच्या गोल हिरव्या पेशी सापडल्या. पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नाहीत. नवी प्रजाती म्हणायची का?

उत्तर : इतक्यात नको. 'बारीक हिरवा गोळा' हे रूप एकमेकांशी दूरचेच नाते असलेल्या अनेक शैवालांनी आपापले घेतले आहे. १८९० मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी क्लोरेला व्हल्गॅरिस या हिरव्या शैवालाचे वर्णन केले आणि पुढे दिसेल तो गोळा क्लोरेलात ढकलला गेला; नावे शंभरावर गेली. डीएनए तपासल्यावर त्यांतल्या बहुतेकांची रवानगी दुसऱ्या वंशांत (वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) झाली. फसगत उलटीही होते. मायक्रॅक्टिनियम या दुसऱ्या शैवालाच्या पेशींना तळ्यात लांब काटे असतात. प्रयोगशाळेतल्या बाटलीत ते नाहीसे होतात आणि ती थेट क्लोरेला वाटते. तिला खाणारे रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) सोबत सोडले की काटे परत येतात.

म्हणून आधी शुद्ध संवर्धन हवे, म्हणजे एकच शैवाल वेगळे काढून वाढवलेले. १.५ टक्के अगारच्या जेलीवर नमुन्याचे फराटे ओढा, सुटी वसाहत उचला, पुन्हा ओढा. असे निदान तीनदा. माध्यम (वाढीचे पोषक द्रावण) बोल्डचे बेसल घ्या किंवा बीजी-११, पण मोजमापे एकाच माध्यमातली हवीत. बीजी-११मध्ये लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असते, बोल्डच्या सहापट. तापमान २० अंशांच्या आसपास, उजेड बेताचा. १-२ आठवड्यांच्या पेशी पाहा आणि २ महिन्यांच्याही. फक्त जुन्या पाहिल्यात तर घोटाळा ठरलेलाच: तेल आणि स्टार्च साचून हरितलवक झाकले जाते. १०० पटीच्या तेल-भिंगाखाली हरितलवक पेल्यासारखे आहे की पट्ट्यासारखे ते बघा. पायरेनॉइडसाठी (हरितलवकातला प्रथिनांचा गोळा) लुगोलच्या आयोडीनचा थेंब द्या. भोवती स्टार्चचे कवच असेल तर ते गडद होते. मातृपेशीत २, ४ की ८ पिल्ले, आणि ती बाहेर पडताना भिंत कशी फाटते, हेही टिपा.

प्रश्न : १८एस जनुक (रायबोसोमच्या आरएनएचे) ज्ञात प्रजातीशी तंतोतंत जुळले. म्हणजे तीच ना?

उत्तर : तसे नाही. हे जनुक फार सावकाश बदलते. जवळच्या दोन प्रजातींत ते एकसारखे असू शकते. ते वंश गाठून देते, पुढचा निवाडा आयटीएस-२ (रायबोसोमच्या जनुकांमधला डीएनएचा तुकडा) आणि आरबीसीएल (हरितलवकातले एक जनुक) यांवर. आयटीएस-२चा आरएनए घडी घालतो तेव्हा त्याचे बेस (त्यातली अक्षरे) जोड्या जुळवतात; तुमच्या नमुन्याची आणि ज्ञात प्रजातीची ती घडी मांडून पाहा. जोडीतले दोन्ही बेस बदलूनही जोडी टिकली असेल, तर वेगळेपणाचा तो भक्कम पुरावा. मात्र असा बदल न दिसणे म्हणजे एकच प्रजाती असे नव्हे.

डीएनएचा क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात दुहेरी शिखरे आली तर बहुधा संवर्धन मिश्र आहे. त्यात बुरशी असेल तर सर्वसाधारण प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) तिचाच आयटीएस वाढवून देतात! डीएनएच निघत नसेल तर दोष चिवट पेशीभित्तिकेचा. काचेच्या मण्यांसोबत जोरात हलवून ती फोडा.

प्रश्न : नाव वैध व्हायला काय लागते?

उत्तर : लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन (इंग्रजीची मुभा १ जानेवारी २०१२ पासून), चित्र किंवा छायाचित्र, आणि कुठे ठेवला आहे ते सांगितलेला प्ररूप नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधले जाते). वाढते संवर्धन प्ररूप म्हणून चालत नाही. तेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून निष्क्रिय केले तर चालते, पण 'निष्क्रिय अवस्थेत जतन' असे लेखात स्पष्ट लिहा.